रद्दीत काय घालावं, कपाटात काय ठेवावं

मार्चअखेर आटोपली, उन्हं तापली की ग्रामपंचायतींत कपाटं आवरायला काढतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. यंदाच्या टपालातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत नव्या इमारतीत जाते आहे. जुन्या खोलीत पंचवीस-तीस वर्षांचे गठ्ठे पडून आहेत. सरपंच म्हणतात, "साहेब, हा कचरा तिकडे नेऊच नका, कबाडीवाल्याला देऊन टाका." काय ठेवायचं, काय द्यायचं?
— ग्रामपंचायत अधिकारी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : सामान हलवायच्या दिवशी एकही कागद टाकू नका. गठ्ठे आहेत तसे नव्या इमारतीत न्या, रद्दीचं तिथे बसून ठरवा. घाईघाईत टाकलेल्या कागदाची यादी झालेली नसते. मग दहा वर्षांनी कुणी तो मागितला की तो नियमाने नष्ट केला, हरवला की कुणी नेला, हे सांगता येत नाही.

कागदाचे वर्ग पाच. अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १०, क-१ म्हणजे ५ आणि ड म्हणजे १ वर्ष. कोणती नोंदवही कोणत्या वर्गात बसते, हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. मंजूर वर्गीकरण यादी पंचायत समितीतून मागून घ्या आणि तिची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ग्रामसभा आणि मासिक सभेच्या कार्यवृत्त वह्या, जन्म-मृत्यू नोंदवह्या, कर आकारणीचा नमुना ८, स्थावर मालमत्तेचा नमुना २२, जमिनीचा नमुना २४ यांना यादी हाती येईपर्यंत हातच लावू नका. "नवी आकारणी झाली, मागची चार वर्षांची वही आता कशाला?" असा प्रश्न हमखास येतो. घर कुणाच्या नावावर केव्हापासून आहे याचं भांडण त्या मागच्या वहीवरच मिटतं, म्हणून.

मुदत मोजताना बहुतेक जण चुकतात. ती फाईल उघडल्यापासून नाही, बंद झाल्यापासून मोजायची. शाळाखोलीचं काम २०१२ साली सुरू झालं आणि अंतिम देयक २०१६ साली निघालं, तर क वर्गातली ती फाईल २०२६ पर्यंत ठेवावी लागते. मुदत संपली तरी तीन ठिकाणी हात आखडता घ्यायचा : लेखापरीक्षणाचा आक्षेप बाकी असेल, कोर्टात किंवा चौकशीत प्रकरण असेल, किंवा त्या कागदासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आलेला असेल. अशा गठ्ठ्यावर लाल चिठ्ठी लावा, 'नाश करू नये', आणि खाली कारण व तारीख.

आता गठ्ठ्यांच्या आतलं. आमच्या मते सगळ्यात धोक्याचा गठ्ठा 'किरकोळ' नावाचा. ज्याला कुठे ठेवावं कळलं नाही तो प्रत्येक कागद त्यात जातो. शाळेला जागा देणाऱ्याचं दानपत्र, पाणीपुरवठ्याच्या विहिरीची ताबा पावती, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या वापराचा जुना पत्रव्यवहार, निस्तार पत्रकाची (गावाच्या सामाईक जमीन-जंगल वापराच्या हक्कांच्या नोंदीची) नक्कल, हे सगळं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या ग्रामपंचायतींत 'किरकोळ'मध्येच सापडतं. वरच्या चार स्मरणपत्रांवरून गठ्ठ्याची परीक्षा करू नका. तळापर्यंत पान न् पान उलटा.

नष्ट करायचं ठरलं की नाशन नोंदवहीत आधी ओळ लिहा. ओळ अशी दिसते :

'अ.क्र. ४१ – किरकोळ जावक पत्रांच्या स्थळप्रती, सन २०१७-१८ – गठ्ठा १, अंदाजे २२० पाने – वर्ग क-१ – मुदत पूर्ण ३१ मार्च २०२३ – लेखापरीक्षण पूर्ण, आक्षेप निरंक – मंजुरी क्र. व दिनांक – नाश केल्याचा दिनांक व रीत – दोघांच्या सह्या.'

ही यादी मासिक सभेपुढे ठेवा, विस्तार अधिकाऱ्यांमार्फत गट विकास अधिकाऱ्यांची लेखी मंजुरी घ्या, मगच कागदाला हात लावा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सरपंचांना हे वाक्य वाचून दाखवा. आवाज चढवायची गरज पडणार नाही.

कागद सबंध कधीही विकू नका. घरकुलाच्या फायलीत आधार क्रमांक असतो, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स असते. तीच उद्या बाजारात फुटाण्याच्या पुडीला गुंडाळून येते. पंचायत समितीत श्रेडर असेल तर तिथे न्या. नसेल तर हाताने फाडून प्लास्टिकच्या ड्रममध्ये रात्रभर भिजवा आणि सकाळी काठीने ढवळून लगदा करा. जाळण्याचा मोह नको. बांधलेला गठ्ठा आत जळत नाही, कडा करपतात आणि मधली पानं वाऱ्यावर गावभर जातात, अगदी वाचता येतील अशी. वर मे महिन्यात आगीची भीती. कातरण विकलं तर वजनाची चिठ्ठी फायलीला लावा आणि पैसे त्याच दिवशी ग्रामनिधीच्या रोकड वहीत घ्या.

प्रश्न : भिंतीला लागून सागवानी कपाट आहे. मागून उधई चढली, खालच्या दोन खणांतले गठ्ठे पोखरले. डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, कडुनिंबाचा पालाही ठेवला होता. फरक पडला नाही.
— शिपाई, ग्रामपंचायत, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : फरक पडणारच नव्हता. डांबराच्या गोळ्यांनी बंद कपाटातली कसर आणि झुरळं थोडीफार दूर राहतात. वाळवी जमिनीतून येते, तिला वासाचं सोयरसुतक नाही. ओला पाला ठेवला असेल तर त्याने बुरशीच आणली. ठेवायचाच तर कडकडीत वाळलेला ठेवा, आणि तोही कसरीपुरता.

आधी वाळवी चालू आहे की निघून गेली ते बघा. भिंतीवरच्या मातीच्या नळीचा दोन बोटं लांबीचा तुकडा मोडून ठेवा. दोन दिवसांत तो परत जोडला गेला तर आत वस्ती आहे.

इलाज कागदावर नाही, जमिनीत करायचा. जमीन आणि भिंत जिथे मिळते त्या सांध्यावर दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचं छिद्र पाडतात, प्रत्येक छिद्रात १ लिटर द्रावण सोडतात आणि सिमेंटने बुजवतात. क्लोरपायरीफॉस २० ईसी वापरलं तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी. १२ बाय १० फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे साधारण ४५ छिद्रं, ४५ लिटर द्रावण आणि सव्वादोन लिटर औषध. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कपाशीच्या फवारणीचं माप धरणं. पंपात टाकतो तसं लिटरला दोन-अडीच मिली घातलं तर वाळवी महिनाभरात परत येते. हे काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्या, खोली दोन-तीन दिवस रिकामी ठेवा, जवळ विहीर किंवा हातपंप असेल तर त्याला आधी सांगा. बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून शिपायाला पंप देऊ नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कागदावर तर हे औषध शिंपडायचंच नाही : शाई फुटते आणि पान चाळणाऱ्याच्या हाताला विष लागतं.

सागवानी कपाट बाहेर काढा. लोखंडी रॅक घ्या, भिंतीपासून सहा इंच सुटा ठेवा, सगळ्यात खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर. रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी युक्ती करू नका, डासांचीच सोय होते. पोखरलेले गठ्ठे व्हरांड्यात जुन्या चादरीवर सोडा, मऊ ब्रशने झाडा, पंधरा दिवस चांगल्या गठ्ठ्यांपासून वेगळे ठेवा. किती पानं खाल्ली, कोणती उरली, याचा पंचनामा करा. अर्धं खाल्लेलं पानही अभिलेखच आहे, ते फेकायचं नाही.

प्रश्न : मशीनमधून निघालेल्या पावत्या वर्षभरात कोऱ्या झाल्या. लेखापरीक्षक मानत नाहीत.
— लिपिक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : तो थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो, आणि आपल्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटातच तो फिका पडतो किंवा सगळा काळवंडतो. पावती आली त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्यावर 'मूळ प्रतीवरून' लिहून सही करा आणि दोन्ही प्रमाणकाला (व्हाउचरला) लावा. थर्मल पावतीवर डिंक किंवा सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पाकिटातही घालू नका. अक्षर आणखी लवकर उडतं.

प्रश्न : जात पडताळणीसाठी आजोबांच्या जन्माची नोंद हवी आहे. ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज केला. 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढंच एका ओळीचं उत्तर आलं. आता काय करू?
— वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : दोन वाटा आहेत, दोन्ही एकदम धरा.

पहिली, नोंद दुसरीकडे शोधा. तुमच्या आजोबांच्या काळी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल ठेवायचा. ती कोतवाल बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, ग्रामपंचायतीत नाही. अर्जात नुसतं 'आजोबांचा जन्म दाखला' लिहू नका. गावाचं नाव (तेव्हाचं असेल तर तेही), पणजोबांचं नाव आणि पाच-सात वर्षांचा कालावधी द्या. त्या वहीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. 'मुलगा' एवढंच असतं, पुढे बापाचं नाव आणि जात. आजोबांच्या नावाने शोधलं तर कारकून 'नाही' म्हणून वही मिटतो, आणि तो खोटं बोलत नसतो. सोबत शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर (मुलं शाळेत आली-गेली त्याची नोंदवही), अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि जुनी खरेदीखतंही बघा. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. तेवढ्या मागचं शोधा. मोडीतलं पान निघालं तर घाबरू नका, शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे. तिथे विचारा.

दुसरी वाट, त्या एका ओळीच्या उत्तराला सोडू नका. माहिती नाकारायची कारणं कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये आहेत, 'सापडत नाही' हे त्यात नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ सालीच म्हटलं आहे की फाईल सापडत नाही एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही, शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी ठरवावी लागते. नवा अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, आणि एवढंच मागा :

'(१) सन अमुक ते अमुकच्या जन्म नोंदवहीचा अभिलेख वर्ग. (२) ती नष्ट केली असल्यास नाशन नोंदवहीतील त्या नोंदीची प्रत व मंजुरीचे पत्र. (३) नष्ट केली नसल्यास शेवटच्या तीन कार्यभार हस्तांतरण याद्यांच्या प्रती, ज्यांत तिचा उल्लेख आहे किंवा नाही. (४) ती गहाळ असल्यास त्याबाबत केलेल्या कार्यवाहीची प्रत.'

या चार ओळींना एका ओळीत उत्तर देता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे, २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

हेच उत्तर ग्रामपंचायतीतल्या वाचकांनीही वाचावं. वही खरंच गहाळ असेल तर लेखी शोधमोहीम काढा, मागच्या कार्यभार याद्या तपासा, वरिष्ठांना कळवा, त्यांच्या आदेशाने पोलिसांत तक्रार द्या. आपल्या आधीच्याने हरवलेलं आपण झाकत बसलात, तर कागदोपत्री ते आपणच हरवलं असं होतं.

प्रश्न : वैनगंगेच्या पुरात तळमजल्यावरची दोन कपाटं भिजली होती. आम्ही वह्या उन्हात घातल्या. काही चिकटून वीट झाल्या, काहींवर काळे डाग आले. पुढच्या वेळी काय करावं?
— माजी सरपंच, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : भिजलेल्या कागदावर बुरशी यायला साधारण ४८ तास लागतात, सगळा खेळ त्या दोन दिवसांचा. पाणी ओसरताच पहिले जन्म-मृत्यूच्या वह्या आणि नमुना ८ काढा, स्थळप्रती (पाठवलेल्या पत्रांच्या कार्यालयातल्या नकला) शेवटी. वही बंद असेल तर बंदच उचला, उघडी असेल तर उघडी. ओल्या पुठ्ठ्याला धरून उचललं की शिवण सुटते. खाली पत्रा किंवा फळी घालून उचला. चिखल असेल तर बंद वही स्वच्छ पाण्यात बुडवून वरवर धुवा. पण शाई फुटत असेल तर धुऊ नका.

ऊन नको. पान वरून कडक होतं, आत ओलं राहतं, वाकतं, तडकतं. सावलीत खिडक्या उघडून पंखा लावा, पण वारा वह्यांवर थेट नको. वही खालच्या कडेवर उभी करून पंख्यासारखी उघडा आणि दर वीस-पंचवीस पानांनंतर टीपकागद घाला. टीपकागद कमी पडला तर कोरा वर्तमानपत्री कागद चालतो, छापील नको, त्याची शाई उतरते. दर दोन-तीन तासांनी बदला. चिकटलेली पानं नखाने सोडवू नका. इस्त्री तर मुळीच नको.

वह्या शंभरावर असतील तर सगळ्या वाळवायला माणसं पुरत नाहीत. तेव्हा एकेक वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. भंडारा-पवनीकडे मासळीच्या व्यापाऱ्यांकडे असे फ्रीझर असतात, पुराच्या दिवसांत ते मोकळेही मिळतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग दहा-दहा वह्या काढून सवडीने वाळवा.

काळे डाग बुरशीचे आहेत. पूर्ण वाळल्यावर, उघड्यावर, एन-९५ मुखपट्टी लावून मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग कागदात मुरतो. वीट झालेल्या वह्या मात्र आहेत तशा ठेवा, फेकू नका आणि सोडवायलाही जाऊ नका. जाणकाराच्या हातून त्यातली काही पानं निघू शकतात.

प्रश्न : स्वातंत्र्याच्या सुमाराचं दाखल-खारीज रजिस्टर हात लावला की मोडतं. एक पालक स्वखर्चाने लॅमिनेशन करून द्यायला तयार आहेत.
— मुख्याध्यापक, जि. प. शाळा, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : त्यांचे आभार माना आणि नको म्हणा. गरम लॅमिनेशन परत काढता येत नाही, आत कागद पिवळा पडत राहतो आणि पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही. सेलोटेपचंही तेच, चिकट थर कागदात उतरून तपकिरी पट्टा राहतो. गावातला बाइंडर खळीत मोरचूद घालतो, उंदीर-कसर लागू नये म्हणून. मोरचुदातल्या तांब्याने कागद आणखी लवकर कुजतो, त्यालाही थांबवा. जाणकार लोक पातळ टिश्यू आणि साध्या खळीने दुरुस्ती करतात, ती पाण्याने सोडवता येते. तोवर गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, प्रत्येक पानाचा मोबाइलने नैसर्गिक उजेडात फोटो घ्या, रजिस्टर धुतलेल्या, बिनखळीच्या मांजरपाटात गुंडाळून आडवं ठेवा. रोजचे दाखले फोटोवरून शोधा आणि मूळ वही फक्त खात्री करताना उघडा. पालकांना खर्च करायचाच असेल तर रजिस्टरच्या मापाची जाड पुठ्ठ्याची पेटी करून द्यायला सांगा.

प्रश्न : आमच्याकडे स्कॅनिंगचं काम आलं आहे. एकदा स्कॅन झालं की मूळ वह्या नष्ट करता येतील का? आणि सेटिंग काय ठेवू?
— संगणक परिचालक, ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : नाही. अ वर्गाची वही स्कॅन झाली तरी अ वर्गाचीच राहते. बाकीच्या वर्गांनाही त्यांची मुदत आणि नाशनाची रीत सुटत नाही.

३०० डीपीआय आणि रंगीत. 'ब्लॅक अँड व्हाइट' ठेवलं तर फाईल हलकी होते, पण फिकट निळी शाई आणि लाल शेरे गायब होतात, आणि ते लक्षात येतं तेव्हा स्कॅनरवाला गाव सोडून गेलेला असतो. रंगीत ए-४ पान न दाबता २५ एमबीच्या आसपास भरतं, जेपीईजी केल्यावर एक-दोन एमबीवर येतं. बांधीव वही कागद ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये घालू नका आणि त्यासाठी शिवणही उसवू नका, सपाट काचेचा किंवा वरून फोटो घेणारा स्कॅनर लागतो. कोरी पानंही स्कॅन करा. मध्ये पान नव्हतं की सुटलं, हे नंतर त्यावरूनच सांगता येतं.

फाईलला 'स्कॅन००१' नाव ठेवू नका. 'गावकोड_नमुना८_२०१४-१५_पान०३७' असं ठेवा. दर दहा पानांमागे एक पान मूळ वहीशी ताडून पाहा आणि ताडल्याची सही करा. एक प्रत कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी पंचायत समितीत. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर पाणी शिरल्यावर दोन्ही जातात. वर्षातून एकदा डिस्क लावून आठ-दहा फायली उघडून बघा. आणि वही कपाटातून स्कॅनिंगला गेली कधी, परत आली कधी, कुणाच्या हातात होती, हे एका साध्या वहीत लिहा. स्कॅनिंगच्या टेबलावरून परत न आलेल्या वह्यांची पत्रं आमच्याकडे वाळवीच्या पत्रांपेक्षा जास्त येतात.